बंद भांडारांची दारे उघडणारे पंडित विष्णु नारायण भातखंडे

चंद्रपूर, बल्लारपूर किंवा वडसा येथील एखाद्या संगीतवर्गात भूप अथवा यमन रागाचा पहिला पाठ सुरू होतो, तेव्हा शिक्षक फळ्यावर स्वर लिहून देतात. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्र सप्तकाच्या स्वराखाली टिंब, तार सप्तकाच्या स्वरावर टिंब आणि एका मात्रेत बसणाऱ्या स्वरांखाली कंस. मुले ही चिन्हे निमूटपणे वहीत उतरवून घेतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी उस्तादांच्या घरची चीज अशी वहीत उतरवून घेणे हा जवळजवळ चोरीचा गुन्हा मानला जात असे, याची त्या मुलांना कल्पनाही नसते. ती वही सर्वांसाठी उघडी करण्याचे श्रेय ज्या थोर पुरुषाकडे जाते, ते म्हणजे पंडित विष्णु नारायण भातखंडे होत.

त्यांच्या कार्याचे मोल समजण्यासाठी त्या काळातील परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. मोगल बादशहा मुहंमदशहा याच्या दरबारी, म्हणजे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, नियामत खाँ हे श्रेष्ठ बिनकार व रचनाकार होऊन गेले. ‘सदारंग’ या नावाने त्यांनी रचलेले खयाल आजही मैफलीत गायिले जातात. त्यांच्यामागून फिरोज खाँ ऊर्फ ‘अदारंग’ झाले, ‘मनरंग’ झाले. या थोर रचनाकारांची सविस्तर चरित्रे कोणी लिहून ठेवली नाहीत. आपल्या रचनेच्या शेवटी गुंफलेले स्वतःचे टोपणनाव एवढीच त्यांची सही. रचना जिवंत राहिली तरच रचनाकार जिवंत राहणार, अशी ही स्थिती होती. आणि रचना होत्या कोठे? त्या उस्तादांच्या कंठात होत्या. बापाने मुलाला द्याव्यात, फार झाले तर गंडा बांधलेल्या शिष्याला वर्षानुवर्षे सेवा केल्यावर द्याव्यात, अशी रीत होती. निवडक चिजा मुलीच्या लग्नात हुंडा म्हणून दिल्याच्या कथाही सांगितल्या जातात. एखादा वृद्ध गवई निपुत्रिक गेला, की त्याच्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्यांची ठेव चितेवर किंवा कबरीत जात असे. कोणत्याही व्यापाऱ्याला हे सहज उमगेल की, ज्या दुकानात मालाची यादीच नाही, त्या दुकानातून काय नाहीसे झाले हेही कळत नाही.

अशा काळात, दि. १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीच्या दिवशी, मुंबईत वाळकेश्वर येथे विष्णुपंतांचा जन्म झाला. घराणे गवयांचे नव्हते; मध्यमवर्गीय सुशिक्षित ब्राह्मण कुटुंबातील हा मुलगा. लहानपणी बासरीचा नाद लागला, पुढे वल्लभदास यांच्याकडे सतार शिकणे सुरू झाले. शिक्षण मात्र थांबले नाही. १८८५ मध्ये ते बी. ए. झाले आणि १८८७ मध्ये एल्‌एल. बी. झाले. काही काळ कराचीत व नंतर मुंबईत त्यांनी वकिली केली. त्या काळी भल्या घरच्या पदवीधराने गाणेबजावणे शिकावे ही गोष्ट लोकांना रुचत नसे, आणि वकिलाने तर नाहीच नाही. विष्णुपंतांनी याची फारशी पर्वा केलेली दिसत नाही.

मुंबईत त्या वेळी पारशी मंडळींच्या पुढाकाराने स्थापन झालेली ‘गायन उत्तेजक मंडळी’ नावाची संस्था होती. १८८४ मध्ये विष्णुपंत तिचे सभासद झाले. मुंबईस येणाऱ्या गुणी गवयांचे गाणे तेथे होई. बेलबागकर रावजीबुवा यांच्याकडून त्यांनी शेकडो ध्रुपदे कंठस्थ केली, तर अली हुसेन व विलायत हुसेन यांच्याकडून खयाल घेतले. चीज शिकायची, ती स्वरांत लिहून ठेवायची आणि मग रागाविषयी जुन्या संस्कृत ग्रंथांत काय सांगितले आहे ते ताडून पाहायचे, हा त्यांचा शिरस्ता पडला. ताडून पाहताच घोटाळा लक्षात येई. ग्रंथ एक सांगत, गवई दुसरेच गात आणि दोन घराण्यांचे गवई एकाच रागाविषयी परस्परविरुद्ध बोलत. नियम विचारला तर बहुतेकांचे उत्तर एकच असे: आमच्या वडिलांनी असे शिकवले. वकिलाच्या मनाला हा पुरावा पुरेसा वाटणे शक्य नव्हते.

१९०० मध्ये त्यांच्या पत्नीचे निधन झाले. १९०३ मध्ये एकुलती मुलगीही गेली. चाळिशी नुकतीच ओलांडलेल्या या गृहस्थाच्या घरात आता कोणी उरले नव्हते. दुःखाविषयी त्यांनी जगापुढे फारसे काही मांडले नाही. पण मुलगी गेल्यानंतरच्या पुढच्याच वर्षी ते प्रवासाला निघाले, ही नोंद पुरेशी बोलकी आहे. वकिलीचा व्याप त्यांनी कमी कमी करीत पुढे सोडूनच दिला. पुन्हा संसार मांडला नाही.

१९०४ चा तो प्रवास दक्षिणेकडचा होता. मद्रास, तंजावर, मदुराई, रामेश्वर अशी यात्रा त्यांनी केली. परंतु देवदर्शनाहून अधिक ओढ ग्रंथालयांची आणि पंडितांची होती. एट्टयपुरम्‌ या छोट्या संस्थानी गावात त्यांची सुब्बराम दीक्षितर यांच्याशी भेट झाली. हे दीक्षितर म्हणजे कर्नाटक संगीतातील थोर रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितर यांच्या घराण्यातील. ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’ हा त्यांचा प्रचंड ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला होता. त्यात पूर्वसूरींच्या शेकडो रचना स्वरलिपीसह दिल्या होत्या आणि रचनाकारांची चरित्रेही लिहिली होती. उत्तरेत जे झाले नव्हते ते दक्षिणेत एका वृद्ध पंडिताने करून दाखविले होते. व्यंकटमखी यांच्या ‘चतुर्दंडी प्रकाशिका’ या सतराव्या शतकातील ग्रंथाची ओळखही त्यांना याच यात्रेत झाली. बारा स्वरांतून ७२ मेळ गणिताने कसे निघतात हे त्या ग्रंथात मांडले आहे. सर्व रागांना बसविण्यासाठी कप्पे कसे करावेत याची किल्ली भातखंड्यांना येथे सापडली.

१९०७ मध्ये ते पूर्वेकडे निघाले आणि त्या फेरीत नागपूरलाही आले. तेव्हाचे नागपूर म्हणजे मध्यप्रांताची राजधानी, आणि आपला चांदा हा त्याच प्रांतातील अरण्यमय जिल्हा. गडचिरोलीचा स्वतंत्र जिल्हा तर १९८२ मध्ये झाला. नागपूर, हैदराबाद, विजयनगरम्‌, जगन्नाथपुरी, कलकत्ता अशी ही फेरी होती. कलकत्त्यात संगीताचे नामवंत अभ्यासक राजा सौरींद्रमोहन टागोर यांच्याशी त्यांनी चर्चा केली. पुढील वर्षी जबलपूर, प्रयाग, काशी, गया, मथुरा, आग्रा, दिल्ली, जयपूर, बिकानेर, उदयपूर अशी उत्तरेची मोठी यात्रा झाली. प्रश्नांची यादी आधीच तयार असे आणि रोजची दैनंदिनी लिहिली जाई. बिकानेरच्या राजवाड्यातील हस्तलिखितांच्या संग्रहाचाही त्यांनी अभ्यास केला. पाटण, जैसलमेरची ज्ञानभांडारे ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना जुन्या पोथ्यांच्या शोधात निघालेल्या माणसाची ही तळमळ वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

पोथी एक वेळ मिळते, कारण तिला बोलता येत नाही. उस्तादांचे तसे नव्हते. जयपूर येथे ‘मनरंग की कोठी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घराण्यातील मुहंमद अली खाँ हे त्या काळी खयालांचे मोठे भांडार समजले जात. त्यांच्याकडून आणि त्यांचे पुत्र आशिक अली व अहमद अली यांच्याकडून भातखंड्यांनी सुमारे ३०० चिजा मिळविल्या. त्यांतील कित्येक त्यांनी तेव्हा नव्यानेच आलेल्या फोनोग्राफ यंत्रावर, मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रित करून घेतल्या. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी एका मराठी वकिलाने हे यंत्र करमणुकीसाठी न वापरता पुराव्याच्या जतनासाठी वापरावे, याचे नवल वाटते. एक मात्र प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. खाँसाहेबांच्या दृष्टीने ती त्यांच्या मुलाबाळांची इस्टेट होती. चीज गुप्त ठेवणे हा निव्वळ हेकटपणा नव्हता. राजाश्रय डळमळीत झालेल्या काळात पोट त्यावरच चालत होते. चीज छापली की ती सर्वांची झाली, मग खाँसाहेबांकडे कोण येणार? भातखंड्यांनी मुहंमद अली खाँ यांना गुरुस्थानी मानले. तरीही देणाऱ्याने दिले किती आणि घेणाऱ्याने परत केले किती, हा हिशेब एका बाजूने सोपा नाही.

रामपूर संस्थानचा दरवाजा त्याहूनही भक्कम होता. तानसेनाच्या वंशपरंपरेतील वजीर खाँ बिनकार तेथे होते. उस्ताद अल्लाउद्दीन खाँ व हाफिज अली खाँ यांचे हे गुरू. नवाब हमीद अली खाँ यांची मर्जी संपादन केल्यानंतरच तेथील ध्रुपद-होरीचा खजिना भातखंड्यांना खुला झाला. छम्मनसाहेबांसारख्या जाणकार राजपुरुषाचेही साहाय्य लाभले. पन्नाशी उलटलेला हा विद्वान माणूस पुन्हा शागीर्द होऊन बसला. त्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

जमविलेल्या सामग्रीचे काय करायचे, हा पुढचा प्रश्न. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात लिहिलेला ‘संगीत रत्नाकर’ हा सर्वांचा पूज्य ग्रंथ. त्यातील राग म्हणजेच आजचे राग, असे म्हणणे सोयीचे होते आणि लोकांच्या अभिमानाला सुखावणारेही होते. भातखंड्यांनी तसे म्हटले नाही. नावे तीच असली तरी स्वर बदलले आहेत, जुने शास्त्र आजच्या गाण्याला लागू पडत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आज प्रत्यक्ष गायिले जाते ते ‘लक्ष्य’. शास्त्र त्याच्यामागून यावे. एवढी स्पष्टोक्ती करण्यास त्या काळी धैर्य लागत होते. ७२ मेळांपैकी उत्तरेच्या रागांना बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी व तोडी हे दहा थाट पुरेसे आहेत, असे त्यांनी ठरविले. प्रत्येक रागाचे आरोह-अवरोह, वादी-संवादी, गाण्याची वेळ निश्चित केली.

हे सर्व त्यांनी ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ या संस्कृत ग्रंथात मांडले आणि लेखक म्हणून नाव घातले ‘चतुर पंडित’. नंतर ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ या आपल्या मराठी ग्रंथात ते याच चतुर पंडितांची मते एखाद्या तिऱ्हाइताची असावीत त्याप्रमाणे गांभीर्याने समजावून देतात. वाचणाऱ्याला यात गंमतही वाटते आणि त्यामागची व्यवहारदृष्टीही दिसते. संस्कृतातील वचनाला पंडित मान देतात, इंग्रजी शिकलेल्या वकिलाच्या मताला देत नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. १९१० ते १९३२ या काळात चार भागांत निघालेला हा मराठी ग्रंथ गुरू-शिष्यांच्या संवादाच्या रूपात असून, पुढे त्याचे हिंदी भाषांतर झाल्यावर तो उत्तरेत पाठ्यग्रंथ ठरला. संगीतशास्त्रावरील आधुनिक काळातील एवढा मोठा मूळ ग्रंथ मराठी भाषेत लिहिला गेला, ही गोष्ट आपण मराठी माणसे क्वचितच आठवतो.

मात्र सामान्य विद्यार्थ्याच्या हाती पडली ती ‘क्रमिक पुस्तक मालिका’. सहा भागांतील या मालिकेत सुमारे १,८०० चिजा स्वरलिपीसह छापलेल्या आहेत. सदारंग-अदारंगांचे खयाल, ध्रुपदे, होऱ्या, तराणे, सरगमी. जे मिळविण्यासाठी एखाद्याने पूर्वी आयुष्य घालविले असते ते आता पुस्तकाच्या किमतीत मिळू लागले. यात स्वतः भातखंड्यांच्या रचनाही आहेत. त्यांची लक्षणगीते हा प्रकार विशेष पाहण्यासारखा आहे. ज्या रागाचे गीत त्याच रागाचे नियम त्या गीताच्या शब्दांत सांगितलेले असतात: कोणता स्वर वर्ज्य, वादी कोणता, वेळ कोणती. गाणे पाठ झाले की व्याकरणही पाठ झाले. शेवटी ‘चतुर’ ही सही. काव्य म्हणून ही गीते सदारंगांच्या पंगतीत बसणार नाहीत, आणि तसा त्यांचा दावाही नसावा. शिक्षकाच्या हातची ती हत्यारे आहेत, व शंभर वर्षे ती झिजलेली नाहीत.

टीका त्या काळीही झाली आणि आजही होते. मींड, आंदोलन, स्वराचा लगाव हे कागदावर उतरत नाही, हा आक्षेप खरा आहे; आणि स्वरलिपी म्हणजे गाणे नव्हे हे भातखंड्यांनाही माहीत होते. काही उस्तादांनी त्यांना मुद्दाम चिजा बदलून सांगितल्या, असे घराणेदार गवई म्हणत आले आहेत. मधुवंती, पटदीप यांसारखे राग दहा थाटांच्या चौकटीत नीट बसत नाहीत. उत्तर व दक्षिण मिळून साऱ्या देशाची एकच संगीतपद्धती व्हावी हे त्यांचे स्वप्न होते. ते सिद्धीस गेले नाही. अशिक्षित उस्तादांविषयी त्यांनी अनेकदा कठोर लिहिले, आणि ज्यांच्या कंठातून सारे भांडार आले त्यांच्यावर त्यामुळे थोडा अन्याय झाला, असे म्हणावे लागते. समकालीन पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्याशीही त्यांचे फारसे जमले नाही. पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, स्वतःची वेगळी स्वरलिपी केली. पलुस्कर मैफलीचे व भक्तीचे, तर भातखंडे ग्रंथाचे व चिकित्सेचे. दोघांनी मिळून संगीताला घराघरांत नेले, पण हातात हात घालून नव्हे.

१९१६ मध्ये बडोदा येथे सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरविण्यात आली. त्यानंतर दिल्ली, काशी व लखनौ येथे परिषदा झाल्या. श्रुती किती व कोणत्या यांवर तेथे कडाक्याचे वाद झाले, ठराव थोडे झाले. भातखंड्यांचा भर हळूहळू परिषदांवरून विद्यालयांकडे वळला. ग्वाल्हेरला माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने १९१८ मध्ये माधव संगीत विद्यालय उभे राहिले आणि १९२६ मध्ये लखनौ येथे राय राजेश्वर बली व राय उमानाथ बली यांच्या साहाय्याने मॅरिस कॉलेज सुरू झाले. पट्टशिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांना त्यांनी बडोद्यास उस्ताद फैयाज खाँ यांच्याकडे तालमीला पाठविले होते. छापील पुस्तकांनी संगीत अमर केले अशा समजुतीत ते राहिले नव्हते, हे यावरून दिसते. ग्रंथकर्त्याचा शिष्य शेवटी एका उस्तादाच्या पायाशीच बसला. रातंजनकर पुढे लखनौच्या विद्यालयाचे प्राचार्य झाले. चित्रपटसंगीतातील रोशन व तलत महमूद ही नावे ज्यांच्या तरुणपणाशी जोडलेली आहेत, त्यांनी ध्यानात घ्यावे की हे दोघेही याच विद्यालयात शिकले होते.

१९३३ मध्ये भातखंड्यांना पक्षाघात झाला. मांडीचे हाडही मोडले. जन्मभर गावोगाव हिंडलेला माणूस तीन वर्षे अंथरुणावर खिळला. क्रमिक मालिकेचे अखेरचे भाग अद्याप छापून व्हायचे होते. दि. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीच्या दिवशी, मुंबईत त्यांचे निधन झाले. मालिकेचे उरलेले भाग त्यांच्या स्नेही-शिष्यांनी, विशेषतः भालचंद्र सीताराम सुकथनकर यांनी प्रसिद्धीस नेले. १९६१ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघाले, १९६६ मध्ये मॅरिस कॉलेजला त्यांचे नाव देण्यात आले, आणि आता ते राज्य विद्यापीठ झाले आहे.

आपल्या भागाशी त्यांच्या कार्याचा सर्वांत जवळचा धागा मात्र लखनौत नाही, खैरागड येथे आहे. तेथील राजा वीरेंद्र बहादूर सिंह व राणी पद्मावतीदेवी यांची कन्या इंदिरा संगीताची अत्यंत आवड असलेली होती. ती अकाली गेली. तिच्या नावे त्यांनी आपला राजवाडाच संगीत विद्यापीठासाठी देऊन टाकला आणि १९५६ मध्ये इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय उभे राहिले. त्याच्या आरंभीच्या कुलगुरूंपैकी एक होते रातंजनकर. एकुलती मुलगी गमावलेल्या गुरूचा शिष्य, दुसऱ्या एका हरपलेल्या मुलीच्या नावाच्या वास्तूत गुरूचाच पाठ्यक्रम शिकवू लागला. चांदा फोर्ट स्थानकावरून गाडीने निघावे, मूल, नागभीड, वडसा मागे टाकीत गोंदियाला उतरावे, तेथून डोंगरगड आणि पुढे मोटारीने खैरागड. तेथे क्रमिक पुस्तक मालिकेतील चिजा आजही शिकविल्या जातात.